मिस सिंथिया फरार : नगरच्या मुलींच्या शिक्षिका

मोठमोठ्या उपदेशकांची व शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या विद्वानांची चरित्रे आपल्या मंडळ्यांत वारंवार सांगितली जातात. शाळा चालविणाऱ्या मनुष्याचे चरित्र मात्र क्वचितच कोणी लिहितो. याचे कारण उघड आहे. शिक्षकाचा एक दिवस दुसऱ्या दिवसासारखाच असतो. सकाळी मुले गोळा करावी, हजेरी घ्यावी, पाढे म्हणवून घ्यावे, जो आला नाही त्याच्या घरी जाऊन आईबापांची समजूत घालावी, आणि दुसरा दिवस उजाडला की पुन्हा तेच. यात लिहिण्यासारखे काय असणार? तथापि राजूर-अकोल्याच्या डोंगरी गावांपासून नेवासे-शेवगावच्या काळ्या मातीपर्यंत आज जी मुलगी दप्तर घेऊन शाळेस जाते, तिच्या आधी कोणी तरी ही वाट तुडविलेली आहे. ज्या जिल्ह्यास पूर्वी अहमदनगर म्हणत आणि २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्याच्या मुख्य शहरी एका परदेशी बाईने आपल्या आयुष्याची शेवटची बावीस वर्षांहून अधिक वर्षे मुलींस अक्षरे शिकविण्यात घालविली. ती बाई कोणाची पत्नी म्हणून आली नव्हती, उपदेशक म्हणूनही आली नव्हती. ती शाळामास्तरीण म्हणून आली आणि शाळामास्तरीण म्हणूनच तिने नगरात देह ठेवला. तिचे नाव मिस सिंथिया फरार. मराठीत फरार या शब्दाचा अर्थ काही निराळाच होतो. परंतु जिच्या वाट्यास हे नाव आले ती बाई चौतीस वर्षांत आपले काम सोडून एकदाच दूर गेली, आणि तीही दुखण्यामुळे.

फरारबाईंचा जन्म २० एप्रिल १७९५ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशर प्रांतात मार्लबरो नावाच्या लहान गावी झाला. हा प्रदेश खडकाळ टेकड्यांचा, थंडीत बर्फाखाली दडून जाणारा, आणि शेतकऱ्याच्या हाती कष्टाच्या मानाने थोडेच देणारा आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरात राहणाऱ्यांस अशा जमिनीची कल्पना निराळी करून द्यावयास नको. तेथील लोकांनी मात्र एक गोष्ट फार पूर्वीपासून धरून ठेविली होती. गाव कितीही लहान असो, त्यात प्रार्थनामंदिर आणि शाळा ही दोन असावयाचीच. शास्त्र ज्याचे त्याला वाचता आले पाहिजे, म्हणून वाचन सर्वांस आले पाहिजे, असे त्यांचे मत होते. हिवाळ्यात मोठी मुले शेतावरून मोकळी होत, तेव्हा शाळा पुरुष शिक्षकाकडे जाई. उन्हाळ्यात मोठी मुले कामावर गेली म्हणजे मागे राहिलेल्या लहान मुलांसाठी व मुलींसाठी एखादी तरुण स्त्री नेमीत. स्त्रीशिक्षिकेचा पगार पुरुषाच्या मानाने बराच कमी असे. पण लग्न न झालेल्या शिकलेल्या स्त्रीस मानाने करता येण्यासारखे दुसरे काम त्या काळी जवळजवळ नव्हतेच.

फरारबाईंनी हेच काम पत्करिले. तरुणपणीच त्या काँग्रिगेशनल मंडळीच्या सभासद झाल्या होत्या. शाळा आणि मंडळी ही त्यांच्या जीविताची दोन टोके होती व त्यांमध्येच त्यांचे दिवस जात होते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या आयुष्यात दूरच्या मनुष्याने लक्ष द्यावे असे काही घडले नाही. त्यांच्यासारख्या शिक्षिका त्या प्रांतात गावोगाव होत्या. पुढे जे घडले ते समजण्यास मुंबईची तेव्हाची हकीकत थोडी सांगितली पाहिजे.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी मराठी शिकून घेतली, छापखाना घातला, नव्या कराराचे भाषांतर केले आणि मुलांच्या शाळा काढल्या. परंतु मनुष्ये टिकेनात. सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेले, निकोल्स १८२४ मध्ये, फ्रॉस्ट १८२५ मध्ये, आणि स्वतः हॉल १८२६ च्या मार्च महिन्यात नाशिकच्या बाजूने फिरतीवर असता पटकीनेच वाटेत वारले. अशा स्थितीतही १८२४ पासून या मिशनने मुंबईत मुलींची शाळा चालू केली होती, हे आश्चर्य आहे. ती चालविण्याचे काम मिशनऱ्यांच्या पत्नींकडे असे. त्यांना घर होते, मुले होती, आजारपणे होती, आणि आज येथे तर उद्या तेथे प्रेताशेजारी बसणे होते. शाळा वाढत गेली तसे त्यांना स्पष्ट दिसून आले की, हे काम उरलेल्या वेळात करण्याचे नव्हे. म्हणून ज्या बाईस दुसरे काही काम नाही आणि जी शाळा चालविणे जाणते, अशी एक बाई पाठवावी, अशी मागणी मुंबईहून बॉस्टनला गेली.

बॉस्टनच्या मंडळापुढे यातून एक नवीनच प्रश्न उभा राहिला. लग्न न झालेली स्त्री एकटीच समुद्रापलीकडे कशी पाठवावी? त्यापूर्वी १८२२ मध्ये बेट्सी स्टॉकटन नावाची एक बाई या मंडळाने हवाई बेटांत पाठविली होती. ती एके काळी गुलामगिरीत असलेली कृष्णवर्णीय स्त्री होती. तिने तेथे शाळाही चालविली. पण तिला एका मिशनरी कुटुंबाबरोबर, निम्मी घरकामास व निम्मी मिशनच्या कामास, अशा अटीवर नेमले होते. पुष्कळ पुस्तकांत फरारबाईंस अमेरिकेने परदेशी पाठविलेली पहिली अविवाहित मिशनरी म्हटले आहे. स्टॉकटनबाईंचे नाव ध्यानात ठेवूनच ते वाक्य वाचावे, असे आम्हांस वाटते. मात्र कोणाच्याही घरात चाकरीस न राहता, केवळ शाळेसाठी म्हणून या मंडळाने हिंदुस्थानात नेमलेली पहिली अविवाहित बाई त्याच होत.

५ जून १८२७ रोजी फरारबाई बॉस्टनहून निघाल्या. त्यांच्याबरोबर सायरस स्टोन व डेव्हिड ॲलन हे दोन मिशनरी आपापल्या पत्नींसह होते. सुवेझचा कालवा त्या वेळी नव्हता. तो पुढे १८६९ मध्ये झाला. म्हणून जहाजास आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून यावे लागे. ते प्रथम कलकत्त्यास लागले, आणि तेथून पुन्हा समुद्रमार्गेच डिसेंबरच्या अखेरीस ही मंडळी मुंबईस पोहोचली. बंदर सोडल्यास जवळजवळ सात महिने लोटले होते.

आता शाळेकडे वळू, कारण या चरित्राचे सार तेथेच आहे. मुलींची शाळा म्हटल्यावर घंटा, बाके व मोठी इमारत डोळ्यांपुढे आणू नये. एखाद्या घराची ओसरी किंवा भाड्याची एक खोली, इतकीच ती जागा असे. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवावयाचे. ते वळणदार झाले म्हणजे पाटी. बाहेरच्या व्यवहारात मोडी चाले. मिशनची पुस्तके मात्र बालबोधीत छापलेली असत, म्हणून मुलींस बालबोध शिकवीत. वाचन, थोडे लेखन, थोडा हिशेब आणि शिवणकाम हा अभ्यासक्रम. दहा आज्ञा व प्रश्नोत्तरावली तोंडपाठ करून घेत. रोजचे शिकविणे पंतोजीकडे असे, आणि तो पंतोजी बहुधा हिंदू किंवा बेने इस्राएल असे; कारण शिकलेला ख्रिस्ती मनुष्य मुंबईत तेव्हा मिळतच नव्हता. बेने इस्राएल म्हणजे कोकणातील ते यहुदी, ज्यांना लोक शनवारतेली म्हणत. त्यांच्या मुली मिशनच्या शाळांत बऱ्याच येत.

फरारबाईंचे काम या सर्व शाळांवर नजर ठेवण्याचे होते. ऐकावयास हे काम हलके वाटते. वस्तुतः ते सर्वांत जड. अनेक मिशनशाळांत पंतोजीचा पगार पटावर अवलंबून असे. त्यामुळे पटावर ज्यांची नावे आहेत त्या मुली शाळेत दिसतीलच असे नव्हते, आणि परीक्षेच्या दिवशी कोठून तरी उसन्या आणलेल्या मुली रांगेत बसविल्याची उदाहरणेही घडत. ज्यांनी खेड्यात शाळा चालविली आहे त्यांना हे वाचून हसू येईल. याला एकच उपाय होता. बाईने स्वतः प्रत्येक शाळेत जावे, प्रत्येक मुलीस नावाने ओळखावे, आणि मुलगी आली नाही तर तिच्या घरी जावे. त्यासाठी भाषा पाहिजे. मराठी शिकविणारी चांगली व्याकरणे व कोश तेव्हा नुकतेच तयार होत होते. बत्तिशी ओलांडल्यावर नवी भाषा जिभेवर बसविणे काही सोपे नाही. त्यांनी ती बसविली आणि आयुष्यभर तिच्यातच शिकविले.

विरोध कोठून येत असे, हे आजच्या वाचकांस सांगितल्यावाचून कळणार नाही. शिकलेल्या मुलीचा नवरा मरतो, अशी समजूत घराघरांतून होती. लिहिणे शिकली तर ती पत्रे लिहील आणि घराची अब्रू घालवील, असेही बोलत. शिवाय वाचणे-लिहिणे हे ज्यांना पोटासाठी उपयोगी ते शिकतात. मुलीस कोठे कारकुनी करावयाची आहे, असा व्यवहारी प्रश्न होताच. सरकारनेही त्या काळी मुलींच्या शाळेस हात घातला नव्हता. मुलींच्या शिक्षणास सरकारने मदत द्यावी हे धोरण १८५४ च्या खलित्यात प्रथम लिहिले गेले. अशा दिवसांत १८२९ पर्यंत फरारबाईंच्या देखरेखीखालील शाळांत सुमारे चारशे मुली जमल्या होत्या. त्याच वर्षाच्या शेवटी स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेटबाई यांनीही मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. त्या १८३५ मध्ये वारल्या. ॲलनसाहेबांच्या पत्नी १८३१ मध्ये व स्टोनसाहेबांच्या पत्नी १८३३ मध्ये गेल्या. म्हणजे फरारबाईंबरोबर एकाच जहाजातून आलेल्या दोन्ही स्त्रिया सहा वर्षांच्या आत मातीआड झाल्या.

परंतु मरणापेक्षाही शिक्षकाच्या मनास पोखरणारी एक गोष्ट होती. मुलगी सहाव्या-सातव्या वर्षी येई, अक्षरे शिके, जोडाक्षरांपर्यंत येई, आता पुस्तक हाती देऊ असे वाटू लागे, आणि तेवढ्यात तिचे लग्न होऊन किंवा सासरचे बोलावणे येऊन ती शाळेतून जाई. नवव्या-दहाव्या वर्षानंतर शाळेत राहणारी मुलगी विरळाच. पुढे ती वाचीत राहिली की विसरली, हे समजण्यास मार्ग नसे. चाळणीने पाणी भरावे तसे हे काम. मिशनच्या हिशेबात बाप्तिस्म्यांचे आकडे लिहिले जात. मुलींच्या शाळांतून ते आकडे फारसे निघत नव्हते. मायदेशी वर्गणी देणाऱ्या भाविक लोकांनी या बाईच्या श्रमाचे फळ काय म्हणून विचारले असते, तर त्यांना दाखविण्यास चारशे नावांचा एक पट होता, आणि पुढच्या वर्षी त्या पटावरील पुष्कळ नावे बदललेली असत.

१८३७ मध्ये प्रकृतीने त्यांना अगदीच खाली बसविले आणि त्या अमेरिकेस परत गेल्या. त्या वेळी त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. दहा वर्षे सेवा झाली होती, शरीर थकले होते. त्या मार्लबरोच्या टेकड्यांत राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेविले नसते. तरी १८३९ मध्ये त्या पुन्हा जहाजावर चढल्या. आम्हांस तर पहिल्या प्रयाणापेक्षा हे दुसरे प्रयाणच मोठे वाटते. पहिल्या वेळी मनुष्यास पुढे काय आहे हे ठाऊक नसते, त्यामुळे धैर्य स्वस्त असते. दुसऱ्या वेळी त्यांना सर्व ठाऊक होते. उन्हाळा ठाऊक होता, पटकी ठाऊक होती, पंतोजीचा पट ठाऊक होता, आणि दहा वर्षांची झाली की मुलगी जाणार हेही ठाऊक होते.

या खेपेस त्यांची नेमणूक मुंबईस न होता नगरास झाली. नगरातील मिशनचे ठाणे १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्ह्ज, हर्वी व रीड या तिघांनी, बाबाजी नावाच्या ब्राह्मण ख्रिस्ती मनुष्यास बरोबर घेऊन घातले होते. हर्वी व बाबाजी हे दोघेही दोन वर्षांच्या आत वारले. १८३३ मध्ये तेथे मंडळी स्थापन झाली. फरारबाई आल्या तेव्हा हेन्री बालंटाइन हे तेथे काम पाहत होते. मराठी उपासनेत गायिल्या जाणाऱ्या अनेक गीतांचे कर्ते ते हेच. त्यांच्या पत्नी एलिझाबेथबाई यांच्याकडे मुलींची वसतिशाळा होती. तीत मंडळीच्या लोकांच्या मुली राहून शिकत. फरारबाईंनी शहरातील इतर मुलींसाठी दिवसा भरणाऱ्या शाळा हाती घेतल्या. अशा रीतीने एकीने घरातल्या मुली वाढविल्या आणि दुसरीने पेठांतल्या.

नगर हे मुंबईसारखे नव्हते. तेथे मनुष्य गर्दीत लपत नाही. मुलगी शाळेत गेली की संध्याकाळपर्यंत सर्व आळीस कळते. १८३९ मध्येच हरिपंत रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण तरुणाचा नगरास बाप्तिस्मा झाला व शहरात मोठी खळबळ उडाली. मिशनशाळांचा त्या काळचा अनुभव सर्वत्र एकच दिसतो. कोणा वरिष्ठ जातीच्या मनुष्याचा बाप्तिस्मा झाला की दुसऱ्या दिवशी शाळा ओस पडावयाच्या. मग दोन-चार महिन्यांनी भीती ओसरली म्हणजे एकेक मूल परतावयाचे. मंडळीस ज्या दिवशी आनंद होई तोच दिवस शाळेच्या बाईस रिकामी ओसरी दाखवी. या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात ठेवून काम करणे किती कठीण असेल, याचा विचार जे कॅटेकिस्ट आपल्या गावी शाळाही पाहतात त्यांनी करून पाहावा.

तथापि शाळा बंद पडल्या नाहीत, आणि बंद न पडलेल्या शाळेकडे एक दिवस एका परगावच्या तरुणाने येऊन पाहिले. पुण्याचे जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे नगरास सरकारी नोकरीत होते. त्यांच्याकडे जोतीराव आले असता त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकलेले होते, म्हणून मिशनशाळा त्यांना नवी नव्हती. मुलींची इतकी व्यवस्थित शाळा मात्र त्यांच्या मनात भरली. मुली शिकू शकतात हे पुस्तकात वाचणे निराळे, आणि नगरच्या बोळातील खोलीत, आपल्यासारख्याच कुळांतील मुली पाटीवर अक्षर काढताना पाहणे निराळे. पुण्यास परतल्यावर १८४८ मध्येच त्यांनी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. हिंदुस्थानातील मनुष्याने स्वतः चालविलेल्या मुलींच्या आरंभीच्या शाळांत तिची गणना होते. नगरच्या अमेरिकन मिशनच्या शाळा पाहूनच आपणांस हा विचार सुचला, हे जोतीरावांनी पुढे स्वतः प्रांजळपणे नमूद करून ठेविले. दुसऱ्याचे ऋण इतक्या मोकळेपणाने मान्य करणारी माणसे थोडी.

पण शाळा काढली तरी शिकविणार कोण? हाच तो प्रश्न, ज्यासाठी एके काळी मुंबईहून बॉस्टनला पत्र गेले होते. जोतीरावांनी आपली पत्नी सावित्रीबाई हिलाच शिकविले होते. सातारा जिल्ह्यातील नायगावची ही मुलगी १८३१ च्या जानेवारीत जन्मलेली. पुण्याची शाळा निघाली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. शिक्षिकेचे शिक्षण तिने नगरास फरारबाईंकडे व पुण्यास मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले, असे तिच्या चरित्रांत सांगितलेले असते. शाळेच्या वाटेवर तिच्यावर शेण व चिखल फेकीत ही गोष्ट आता महाराष्ट्रात लहान मुलांसही ठाऊक आहे. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला, तोही या शाळांसाठीच. पुढे जोतीरावांनी मिशनऱ्यांच्या धर्माचा स्वीकार केला नाही. त्यांची वाट निराळी झाली व ती त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून स्पष्टही केली. म्हणजे मंडळीच्या खात्यावर हे नाव चढले नाही. तरी फरारबाईंच्या चौतीस वर्षांतील सर्वांत मोठे फळ कोणते, असे आम्हांस कोणी विचारील तर त्या दोन पाहुण्यांकडेच बोट दाखवावे लागेल. त्यांच्या पटावर पाहुण्यांसाठी रकानाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

यानंतरची काही वर्षे बाईंच्या कामाच्या दृष्टीने सोपी नव्हती. १८५४ च्या अखेरीस बॉस्टनच्या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हे सोबतीस एक सहकारी घेऊन नगरास आले. त्यांचे मत ठाम होते. मिशनने शहरातील शाळांत पैसा घालू नये, इंग्रजी शिकविण्यात वेळ दवडू नये, हिंदू पंतोजींकडून ख्रिस्ती धडे देववू नयेत. त्याऐवजी खेड्यांत सुवार्ता सांगावी, तेथे लहान लहान मंडळ्या उभ्या कराव्या व त्यांवर याच देशातील पाळक नेमावे. त्याच वेळी हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांची पाळकपदाची दीक्षा झाली. या धोरणाने एक मोठे चांगले झाले, हे नाकारता येणार नाही. पुढल्या वर्षांत गोदावरी-प्रवरेच्या काठच्या गावांत, विशेषतः महार लोकांमध्ये, मंडळ्या झपाट्याने वाढल्या. आज या जिल्ह्याच्या खेड्यांतून ज्या मंडळ्या आहेत त्यांपैकी पुष्कळांचे मूळ त्या काळात आहे. परंतु शहरातील शाळांवर त्या वेळी हात फिरला. ज्या शाळेतून बाप्तिस्मे होत नाहीत ती शाळा मिशनने का चालवावी, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला. ज्या बाईने आपले सारे वय अशाच शाळांत घालविले, तिला तो प्रश्न कसा लागला असेल!

त्या काळी मिशनच्या यादीत स्त्रियांचे नाव सहायक म्हणून लिहीत. मिशनच्या सभेत धोरण ठरविण्याचे काम पुरुषांचे. स्त्रियांस तेथे मत नव्हते. मुंबईचे दिवस पाहिलेली, पंचवीस वर्षांहून अधिक मराठी मुलींत वावरलेली ही बाई शाळांविषयी सभेतील कोणाहीपेक्षा अधिक जाणत होती. निर्णय मात्र इतरांनी करावयाचा होता. येथे आम्हांस स्पष्ट लिहावेसे वाटते की, अँडरसनसाहेब पाळकांच्या बाबतीत दूरदृष्टीचे ठरले आणि शाळांच्या बाबतीत नाही. खेड्यातील नव्या मंडळीस पहिली गरज भासली ती वाचता येणाऱ्या माणसाची. पाळक दूरच्या गावी, कॅटेकिस्ट फिरतीवर. रविवारी शास्त्र कोणी वाचावे? ज्या घरात वाचणारी आई होती तेथे मुले आपोआप वाचू लागली, आणि तशी आई जेथे नव्हती तेथे दुसऱ्या पिढीतही नाव ख्रिस्ती व रीती जुन्याच, असे दिसून आले. म्हणून थोड्याच वर्षांत मिशनला मागच्या दाराने शाळांकडे परत यावे लागले. खेडोपाडी शाळा निघाल्या, आणि त्यांसाठी शिक्षक व शिक्षिका तयार करण्याचे काम पुन्हा नगरातच करावे लागले.

फरारबाई या सर्व काळात नगरातच होत्या. १८५७ चे बंड झाले, देशातील कंपनीचे राज्य जाऊन १८५८ मध्ये राणीचे राज्य आले. बाईंच्या नोकरीत त्यामुळे काही फरक पडला नाही. त्यांच्या हाताखालून पेठेतील मुलींच्या दोन पिढ्या गेल्या असाव्यात, कारण मुंबईच्या पहिल्या शाळेतील मुलींच्या मुली आता आपल्या मुलींची लग्ने करण्याच्या वयास येऊ लागल्या होत्या. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, संस्था आपल्या नावाने काढली नाही, आणि लग्न केले नाही. त्या काळच्या मानाने त्या फार वर्षे जगल्या. ज्या हवेत त्यांच्या सोबतिणी चार-सहा वर्षांत संपल्या, तेथे त्यांनी सहासष्टावे वर्ष पाहिले.

२५ जानेवारी १८६२ रोजी नगरास त्यांचा अंत झाला.

त्यानंतर सहा वर्षांनी, १८६८ मध्ये, बॉस्टन येथे मंडळ्यांतील स्त्रियांनी एकत्र येऊन आपले स्वतंत्र मिशनमंडळ स्थापिले. अविवाहित शिक्षिका व पुढे डॉक्टरिणी परदेशी पाठविणे हे त्याचे मुख्य काम झाले. एकटी बाई समुद्रापलीकडे कशी पाठवावी, हा १८२७ चा प्रश्न तेव्हा कोणी विचारीत नव्हते. नगरास अशा शिक्षिका एकामागून एक येत राहिल्या.

आणि नगरातच, बाईंच्या मृत्यूनंतर अवघ्या वीस दिवसांनी, १४ फेब्रुवारी १८६२ रोजी पाळक हरिपंत खिस्ती यांच्या घरी एक मुलगी जन्मली. ज्या बापाच्या बाप्तिस्म्याने एके काळी शहर हादरले होते, त्याच्याच घरात ही मुलगी लहानपणापासून भावांच्या पुस्तकांतून वाचीत वाढली. तिचे नाव कृपाबाई. १८७८ मध्ये ती मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकावयास गेली. प्रकृतीने तेथे तिला साथ दिली नाही, म्हणून तिने लेखणी हाती घेतली. लग्नानंतर ती कृपाबाई सत्त्यनाधन या नावाने ओळखली गेली. सगुणा व कमला या तिच्या दोन इंग्रजी कादंबऱ्या होत, आणि इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या हिंदुस्थानातील पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. १८९४ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ती वारली. त्याच वयात मार्लबरोची ती शाळामास्तरीण बॉस्टनच्या धक्क्यावर जहाजात चढली होती.